जुन्या गाडीचे गंजलेले, जाम झालेले बोल्ट काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी स्वतः उघडायला बसलेल्या लोकांकडून मला पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. बहुतेकांचा पहिला प्रश्न बोल्ट तुटल्यावर येतो, म्हणून तुटण्याआधीचे प्रश्न मी मुद्दाम वर घेतले आहेत. जाम बोल्टला आधी वेळ द्यावा, मग धक्का, मग उष्णता, आणि नुसता जोर सगळ्यात शेवटी, असं माझं ठाम मत आहे. ते जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसेल. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. बोल्ट जाम होतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान दुपटीच्या पुढे जातं, काही प्रकारच्या गंजात तर सहापटीपर्यंत. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये अगदी बारीक फट असते. तिच्यात पाणी शिरतं, गंज धरतो आणि फुगत फुगत फट भरून टाकतो. आत जणू चहूबाजूंनी पाचर ठोकलेली असते. तेल, ठोके, उष्णता हे सगळे उपाय ही पाचर ढिली करण्यासाठीच आहेत.

प्रत्येक जाम बोल्ट गंजलेलाच असतो असं मात्र नाही. ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या स्टीलच्या बोल्टची गोष्ट वेगळी आहे (प्रश्न १६). स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर फिरताना आटे एकमेकांना खरवडून गच्च धरतात. आणि कधी कधी कारखान्यातच आट्यांना लॉकिंग लिक्विड लावलेलं असतं. त्यातला पक्का प्रकार साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय सोडत नाही. बोल्ट बाहेरून स्वच्छ आहे, तरी हलत नाही, असं दिसलं तर ही शंका घ्या.

२. सैल करायला नेहमी घड्याळाच्या उलटच फिरवायचं ना?

डोक्याकडून पाहिलं तर जवळजवळ नेहमी हो. अडचण पाहण्याच्या बाजूची असते. गाडीखाली पाठीवर पडून, हात डोक्यामागे नेऊन नट चाचपताना दिशा हमखास उलटी होते, आणि आपण जाम बोल्ट आणखी आवळत बसतो. मी अजूनही अशा वेळी एक सुटा नट-बोल्ट त्याच दिशेने धरून हाताने फिरवून बघतो, मगच पाना लावतो.

उलट्या आट्यांचे बोल्टही असतात. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या लांबी जुळवायच्या नळीचं एक टोक बहुधा उलट्या आट्यांचं असतं. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांमध्ये साधारण १९७० पर्यंत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते. अशा स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या बिनडोक्याच्या बोल्टच्या) तोंडावर बऱ्याचदा इंग्रजी एल अक्षर कोरलेलं सापडतं. वायरब्रशने तोंड घासून आधी तेवढं पाहून घ्या.

३. पाना लावण्याआधी काय करू?

गाडीखाली जायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या. जाम बोल्टवर लोंबकळताना गाडी हलते, आणि नुसत्या जॅकवर हललेली गाडी खाली येते.

मग वायरब्रश घ्या आणि नटाच्या बाहेर आलेले आटे लख्ख घासा. नटाला बाहेर येताना याच आट्यांवरून जायचं आहे. तिथे मातीचा आणि गंजाचा थर राहिला तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो. बाहेर आलेला भाग लांबलचक असेल आणि बोल्ट टाकूनच द्यायचा असेल, तर तो नटाजवळ कापून टाकलेला बरा.

माप नक्की करा. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या डोक्यावर बसतो, पण जोर लागला की कोपरे खाऊन टाकतो. पाऊण इंच आणि १९ मिलिमीटर मात्र जवळजवळ सारखेच. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ मापाचे बोल्टही सापडतात, त्यांना ना इंची पाना नीट बसतो ना मिलिमीटरचा. फिक्स पाना फक्त दोन बाजूंना धरतो, म्हणून जाम बोल्टला तो लावूच नका. सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या आणि ती हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा. बारा कोनांची गोटी गंजून झिजलेल्या डोक्यावरून सटकते.

४. कोणतं तेल मारायचं आणि किती वेळ थांबायचं?

डब्ल्यूडी-४० या नावाचा अर्थ पाणी हटवणारं, चाळीसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. ते १९५३ सालचं आहे. त्याचा नेहमीचा निळा-पिवळा डबा पाणी हटवायला आणि हलक्या वंगणाला चांगला, पण फटीत खोल शिरण्यासाठी खास बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी पडतं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समभाग घेऊन केलेलं घरगुती मिश्रणही चालतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं. ॲसिटोन झटकन पेट घेतं आणि रंग उतरवतं, हे विसरू नका. डिझेल, रॉकेलही काम करतं, पण सावकाश.

कोणतं तेल, यापेक्षा ते कुठे आणि किती वेळ, हे जास्त महत्त्वाचं. लोक डोक्यावर फवारतात. तेल जायला हवं आट्यांत, म्हणून पलीकडचं टोक शोधा आणि तिथे मारा. डोकं वर असेल तर त्याभोवती मळलेल्या मातीचं, झाडाला करतो तसं, छोटं आळं करा आणि त्यात तेल भरून ठेवा. तेल गंज विरघळवत नाही. ते फक्त गंजाच्या भेगांमधून ओढलं जातं, आणि त्याला वेळ लागतो. निदान एक रात्र द्या. चेसिसखालच्या बोल्टांना मी तीन दिवस देतो: सकाळ-संध्याकाळ तेल, आणि प्रत्येक वेळी हातोडीचे चार हलके ठोके, म्हणजे नव्या भेगा पडतात.

५. कोला किंवा व्हिनेगर ओतून बोल्ट सुटतो का?

गाडीवर बसलेला बोल्ट नाही सुटत. कोलामधलं फॉस्फोरिक ॲसिड फार सौम्य असतं आणि आट्यांच्या फटीत खोलवर शिरत नाही. काढून ठेवलेले लहान भाग व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून गंज काढायला हरकत नाही. मात्र डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा ताकदीचा आकडा (ग्रेड) लिहिलेले कठीण बोल्ट आम्लात बुडवून पुन्हा वापरू नका. आम्लाच्या क्रियेत सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो.

६. जोर किती लावायचा? बोल्ट तुटणार हे आधी कळतं का?

कळतं. हाच अंदाज हाताला लावून घ्यायचा असतो.

आधी आकडे. ८.८ ग्रेडचा एम६ (म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात, एम८ सुमारे २५ ला, एम१० सुमारे ५० ला. २५ सेंटिमीटर लांब पान्यावर नुसता १० किलोचा दाब दिला तरी जवळजवळ २५ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे एम६ च्या दुपटीहून जास्त. म्हणून एम६ आणि एम८ वर पाइप घालून दांडा लांब करणं म्हणजे बोल्ट तोडायला बसणं. एम१२ च्या पुढे लांब दांडा वापरायला हरकत नाही.

आता हाताला काय जाणवतं ते. टक् असा कोरडा आवाज येऊन बोल्ट एकदम किंचित सरकला, तर गंज फुटला, ही चांगली खूण. फिरताना कर्रकर्र आवाज येत असेल तर बोल्ट हलतोय पण आटे कोरडे आहेत. थांबा, तेल मारा. तिसरी खूण धोक्याची: पाना फिरतोय, पण जाड रबर पिळल्यासारखं मऊ लागतंय, आणि हात ढिला केला की पाना थोडा मागे येतो. याचा अर्थ डोकं फिरतंय आणि आतली दांडी जागेवरच पिळवटतेय. तिथल्या तिथे थांबा.

हाताचा भरवसा नसेल तर डोळ्यांना कामाला लावा. बोल्टचं डोकं आणि त्याखालचा भाग यांवरून खडूची एक आडवी रेघ ओढा, आणि बोल्टचं पलीकडचं टोक दिसत असेल तर तिथेही. डोक्याची रेघ सरकली आणि टोकाची जागेवरच राहिली, तर बोल्ट पिळतोय.

सुटायला लागल्यावरही घाई नको. आधी केसभर आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या. अष्टमांश फेरा पुढे, तेवढाच मागे, मग थोडा जास्त पुढे. घट्ट लागलं की मागे जायचं, पुढे रेटायचं नाही. आट्यांमधला गंजाचा भुगा पुढे साठून राहतो, मागे-पुढे केल्याने तो दळला जातो आणि तेलाबरोबर बाहेर येतो.

एका जुन्या गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे सात नट मी असे एका दुपारी सोडवले. आठवा दोन फेरे आला आणि घट्ट झाला. दिवस मावळत आला होता, मी मागे न नेता तसाच रेटला. तो मऊ लागला, मला कळलंही, आणि तरी हात थांबला नाही. पाच मिनिटं वाचवायला गेलो आणि तुटलेला स्टड काढण्यात दोन दिवस गेले.

७. हातोडा मारावा का? आणि इम्पॅक्ट गन?

हो, दोन्हींचा उपयोग आहे. गंजाचा थर ठिसूळ असतो, धक्क्याने तडकतो. बोल्टच्या डोक्यावर सरळ रेषेत, वजनदार हातोड्याने मध्यम जोराचे आठ-दहा ठोके द्या. हलक्या हातोडीने जोरात मारण्यापेक्षा हे बरं. नट असेल तर त्याच्या एका बाजूला घण टेकवून समोरच्या बाजूवर ठोका. उघड्या आट्यांवर थेट मारू नका, टोक फुगलं तर नट बाहेर येणारच नाही. बीडाचे पातळ कान आणि ॲल्युमिनियमचे भाग यांच्याजवळ ठोके जपून मारा.

इम्पॅक्ट गन एकसलग पिळण्याऐवजी असंख्य छोटे झटके देते, म्हणून एम१० आणि त्यापुढच्या बोल्टांना ती लांब दांड्यापेक्षा कमी तोडते. एम६, एम८ वर मात्र सगळ्यात कमी जोरावर ठेवा, नाहीतर प्रश्न ६ मधली मऊ खूण जाणवायच्या आत बोल्ट हातात येतो.

८. गरम करायचं ते नटाला की बोल्टला?

नट असेल तर नटाला, आणि झटपट. घट्ट बसलेलं झाकण गरम पाण्याखाली धरतो तेच तत्त्व. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावतं. १२ मिलिमीटर भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला तर भोक साधारण ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण गंजाची पकड मोडायला पुरेसं. हा फायदा नट गरम आणि बोल्ट थंड असेपर्यंतच मिळतो. छोट्या ब्लो टॉर्चने पाच मिनिटं शेकत बसलं की आतला बोल्टही तापतो, फुगतो, आणि सगळं होतं तिथेच येतं. म्हणून ऑक्सिजन-गॅसची टोकदार ज्योत किंवा विजेवर चालणारा इंडक्शन हीटर चांगला. इंडक्शनची तांब्याची गुंडाळी नटाभोवती घालायची, ज्योत नसते, आणि शेजारची रबरं थोडी जपता येतात. नट गरम असतानाच फिरवा.

बोल्ट थेट इंजिन ब्लॉकमध्ये किंवा जाड बीडात असेल तर भोवतालची जागा तापवणं अवघड जातं. मग उलटं करा: बोल्टचं डोकं चांगलं तापवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापताना बोल्ट फुगून गंज चिरडतो, थंड होताना आकसतो आणि फट सोडतो. दोन-तीनदा करावं लागतं.

लालबुंद झालेला बोल्ट किंवा नट पुन्हा वापरू नका. ८.८ आणि १०.९ ग्रेडला ताकद येते ती विशिष्ट तापमानाच्या प्रक्रियेतून. धातू लाल दिसू लागतो तोवर ती मर्यादा ओलांडलेली असते.

९. ज्योत कुठे अजिबात न्यायची नाही?

इंधनाची टाकी आणि तिच्या नळ्या, ब्रेकचे होज, एअरबॅग, सीट बेल्टचे प्रीटेन्शनर (अपघातात पट्टा आवळणारे) आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्याजवळ अजिबात नाही. बंद शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल आणि बऱ्याचदा दाबाखालचा वायू असतो, तापला तर फुटू शकतो. सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी बुशही पेटतात. ते बदलायचे असतील तरी तो धूर श्वासात जाऊ देऊ नका.

ब्रेक क्लीनरबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर फवारून त्यावर ज्योत किंवा वेल्डिंग नेलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. थोड्या मात्रेतही तो फुप्फुसांना घातक ठरतो, आणि त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. ज्या बोल्टला ताप द्यायचा आहे त्याच्या आसपास हा फवारा आणूच नका.

जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट तापले की पांढरा धूर सोडतात, त्याने ताप आणि कणकण येते. दारं उघडी ठेवा. आधी मारलेलं तेल पुसून घ्या, विझवण्याचं साधन हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एकदा गाडीखाली डोकावा. खालचा डांबरी लेप आत धुमसत राहतो.

१०. मेणबत्तीचा उपाय खरा आहे का?

खरा आहे. बोल्ट तापवून ज्योत बाजूला घ्या आणि आटे जिथे आत शिरतात तिथे मेण टेकवा. मेण लगेच पातळ होऊन फटीत ओढलं गेलं पाहिजे. नुसता धूर झाला तर फार गरम आहे, वितळलंच नाही तर कमी. मॅनिफोल्डच्या स्टडना मी आता तेलाऐवजी हेच करतो. गरम भागावर तेल मारून भडका उडण्यापेक्षा हे बरं.

११. डोक्याचे कोपरे गेले, पाना नुसता घसरतो. आता?

पहिल्यांदा घसरल्याबरोबर थांबा. तीन-चारदा घसरू दिलं तर उरलेले पर्यायही जातात. किंचित लहान मापाची गोटी, मिलिमीटरची नाही तर इंची, हातोड्याने ठोकून बसवून पाहा. आतून पिळाचे दाते असलेल्या खास गोट्या मिळतात, त्या गोल डोकं चांगलं पकडतात. जागा असेल तर कानसीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लहान पाना लावता येतो. वाइस ग्रिप आवळायची तर कचकचीत, एकदाच.

यातलं काही जमलं नाही तर डोक्यावर मोठा नट वेल्ड करा (प्रश्न १३). वेल्डिंगची उष्णता बोल्टमध्ये उतरते, त्यामुळे अर्धं काम ज्योतीशिवाय होतं. नट फेकूनच द्यायचा असेल तर छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने फोडा, स्टड वाचतो.

१२. ब्रेक डिस्कचा स्क्रू आणि ॲलनचे बोल्ट यांना पकडच मिळत नाही.

स्क्रूसाठी हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. मागून हातोडा मारला की तो एकाच वेळी बिट आत दाबतो आणि थोडा फिरवतो. जुन्या जपानी गाड्यांवरच्या फुली खाचेच्या स्क्रूंना जेआयएस मापाचा बिट लागतो. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही आणि खाच खातो. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक टिंब असतं.

ॲलनच्या सहाकोनी खळग्यातला चिखल टोकदार सळीने आधी काढा. ॲलन की तळापर्यंत बसत नाही तेव्हाच खळगा गोल होतो. झालाच असेल तर किंचित मोठा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट ठोकून बसवा.

१३. बोल्ट तुटला, पण थोडा तुकडा बाहेर आहे.

मग बरंच काही हातात आहे. आधी तेल आणि ताप पुन्हा द्या, कारण तुटला म्हणजे तो अजूनही जामच आहे. आटे चांगले असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाने फिरवा. नसतील तर तुकड्यावर वॉशर ठेवून तो वेल्ड करा, मग त्या वॉशरवर नट ठेवून आतून वेल्डने भरा. लाली जाऊन हात न पोळण्याइतका थंड झाला की हळूहळू मागे-पुढे करा. पहिल्यांदा वेल्ड तुटला तर पुन्हा करा. चौथ्या-पाचव्या वेळी सुटलेले तुकडे मी पाहिले आहेत. वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढायची आणि अर्थची पकड तुकड्याच्या जवळ लावायची.

१४. अगदी सपाटीला किंवा आत तुटला. ड्रिल कसं करू?

आत तुटलेल्या बोल्टवरही वेल्डचा थर चढवत वर येता येतं. भोवतालचा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलचा वेल्ड त्याला सहसा धरत नाही, हा फायदाच. वेल्डिंग नसेल तर ड्रिल.

ड्रिलचं यश पहिल्या पंचावर ठरतं. तुटलेलं तोंड वेडंवाकडं असतं, त्यावर ड्रिल बाजूला पळतं आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. तोंड आधी सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा, चारी बाजूंनी बघा, चुकला असेल तर पंच तिरका धरून मध्याकडे सरकवा. यावर मी दहा मिनिटं घालवतो. मग ३ मिलिमीटरच्या ड्रिलने, कमी वेगात, तेल टाकत. डाव्या फेऱ्याचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, कारण ते कापताना बोल्टला सुटण्याच्या दिशेनेच ओढतं, आणि पुष्कळदा तुकडा ड्रिलबरोबरच बाहेर येतो.

नाहीच आला तर भोक वाढवत टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) मापापर्यंत जा: एम६ ला ५ मिलिमीटर, एम८ ला ६.८, एम१० च्या १.५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) ८.५. मध्य अचूक असेल तर आट्यांमध्ये फक्त स्टीलची गुंडाळी उरते. ती चिमट्याने काढून टॅप फिरवा. मध्य चुकला तर भोक मोठं करून हेलिकॉइलसारखा तारेचा इन्सर्ट बसवा. ॲल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत बसतो, त्यामुळे यात कमीपणा मानू नका.

१५. इझी-आउट आत तुटला. सगळं संपलं का?

नाही, पण हे टाळण्यासारखं संकट आहे. इझी-आउट म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटं फिरवत घालायचं निमुळतं, पिळाचं हत्यार. ज्या बोल्टचं पूर्ण जाडीचं डोकं पिळून तुटलं, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या इझी-आउटने जामच्या जाम कसा निघेल? शिवाय निमुळता इझी-आउट तुकड्याला आतून फुगवतो आणि आणखी आवळतो. जाम नसलेल्या, नुसत्या जोराने तुटलेल्या बोल्टला तो ठीक आहे, गंजलेल्याला नाही.

तुटलेला इझी-आउट साध्या हायस्पीड ड्रिलने कापला जात नाही. पंचाने ठोकून फुटतो का पाहा, कठीण असल्याने कधी कधी तुकडे होतात. नाहीतर कार्बाइडचं कटर, किंवा भाग सुटा करून स्पार्क इरोझनच्या मशीनवर. त्यात ठिणग्यांनी स्टील खाल्लं जातं आणि भोवतालचे आटे शाबूत राहतात.

सुटा भाग ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा असेल तर एक जुना उपाय आहे: तुरटी. तुरटीच्या गरम, दाट द्रावणात तो भाग बुडवून ठेवला की स्टीलचा तुकडा हळूहळू काळा पडून विरघळतो. घड्याळं दुरुस्त करणारे पितळेच्या पट्टीत तुटलेले बारीक स्क्रू असेच काढतात. मोठ्या तुकड्याला काही दिवस लागतात. जस्ताच्या मिश्रधातूच्या भागाला हे करू नका, जस्तही खाल्लं जातं.

१६. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधला बोल्ट एवढा का चिकटतो?

ओलावा आणि मीठ मिळालं की स्टील आणि ॲल्युमिनियम मिळून बॅटरीसारखं वागतात आणि झीज ॲल्युमिनियमची होते. त्यातून तयार झालेली पांढरी भुकटी फुगून फट भरते. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट हाउसिंगचे लांब बोल्ट यामुळेच तुटतात. ते बऱ्याचदा आट्यांपेक्षा मधल्या सरळ दांडीवरच जास्त जाम असतात.

इथे उष्णता हा सगळ्यात चांगला उपाय, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हाउसिंग सगळीकडून सारखं, १५०-२०० अंशांपर्यंत तापवा. त्याला हॉट एअर गन पुरते. ज्योत नको: ॲल्युमिनियम लाल न होता ६६० अंशांना थेट वितळतं, डोळ्याला काहीच कळत नाही.

१७. लोअर आर्मचा नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही. आर्मसकट फिरतो.

लोअर आर्म म्हणजे सस्पेन्शनचा खालचा दांडा. आट्यांचा यात काहीच दोष नाही. बोल्टची दांडी रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झाली आहे. बोल्ट फिरवला की नळीही फिरते आणि रबर पिळतं. हातोड्याचे ठोकेही रबर गिळून टाकतं, म्हणून तासभर ठोकूनही बोल्ट हलत नाही. एखादा दिवस तेल, मग उलट्या बाजूने पंच आणि घण, एवढा एक प्रयत्न करा. ब्रॅकेट वाकायला लागलं की सोडा.

मग बुशच्या दोन्ही बाजूंना, बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून करवतीने बोल्ट आणि नळी कापा. सेबर सॉ आणि धातूचं लांब पातं असेल तर उत्तम. ब्रॅकेटला पात्याचा ओरखडा जाऊ देऊ नका. नवा बोल्ट, नवा बुश आधी आणून ठेवा, आणि ज्योत वापरायची इच्छा झालीच तर प्रश्न ९ पुन्हा वाचा.

१८. चेसिसच्या आत वेल्ड केलेला नट सुटला आणि आता बोल्टबरोबर गोल फिरतोय.

डोक्याखाली पहार घालून बोल्टला बाहेरच्या बाजूला ताण द्या आणि तसाच फिरवा. कधी कधी नट पत्र्याला एवढा अडकतो की बोल्ट निघतो. नाहीतर डोकं कापून बोल्ट आत ढकला. पोकळीच्या आत पोहोचायला जवळ कारखान्याचं भोक आहे का ते आधी शोधा. नसेल तर पत्र्यात तीन बाजूंनी काप देऊन झडप उघडा, आत पाना घाला, आणि शेवटी झडप वेल्ड करून रंगवा. सस्पेन्शन किंवा सीट बेल्ट जिथे बसतो तिथे हे वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्या.

१९. ब्रेकचा ब्लीडर आणि ब्रेक पाइपचे नट तुटतील अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे. ब्लीडर, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, आतून पोकळ असतो. सहा कोनांची गोटी लावा, आणि आधी त्याच्या मुळाशी कॅलिपरवर हलके ठोके द्या. त्याच्या भोकात बरोबर बसेल असा ड्रिलचा मागचा भाग घालून ठेवला तर तो दबून पिळवटत नाही. कॅलिपर बदलायचाच असेल तर यात वेळ घालवू नका.

पाइपचा नट गंजला की पाइपला धरून बसतो आणि पाइपच पिळतो. गंजलेला स्टीलचा पाइप तसाही बदलायला हवा. मग तो नटाजवळ कापून टाका, फ्लेअर नटाच्या पान्याशी झटापट करण्यापेक्षा सरळ गोटी बसते.

२०. स्पार्क प्लग आणि ग्लो प्लग गरम इंजिनवर काढायचे की थंड?

ॲल्युमिनियम हेडमधला स्पार्क प्लग थंड इंजिनवर. गरम हेडचे आटे मऊ असतात आणि प्लगबरोबर ओरबाडले जातात. अष्टमांश फेरा सैल करा, तेल सोडा, रात्रभर ठेवा, आणि प्रश्न ६ प्रमाणे मागे-पुढे करत काढा.

डिझेल इंजिनाला सुरू होताना ताप देणारा ग्लो प्लग मात्र गरम इंजिनवर. तो काजळीने जाम होतो आणि बारीक असल्याने चटकन तुटतो. टॉर्क रेंच (पिळण्याचा जोर मोजणारा पाना) लावून मर्यादा पाळा: एम१० च्या प्लगला साधारण ३५ न्यूटन-मीटरला थांबायचं. सुटला नाही तर तेल सोडून गाडी दोन-तीन दिवस चालवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

२१. निघालेला बोल्ट साफ करून परत वापरू का?

आट्यांजवळ दांडी बारीक झालेली, पिळलेली किंवा तापवलेली असेल तर नाही. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंगला नवाच लावा. डोक्यावरचा आकडा पाहून तीच ग्रेड घ्या. इंची बोल्टांवर आकड्याऐवजी रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. चकाकतो म्हणून स्टेनलेसचा बोल्ट सस्पेन्शनला लावू नका, नेहमीच्या स्टेनलेसची ताकद १०.९ पेक्षा बरीच कमी असते.

पिचही जुळवा. एम१० मध्ये १.२५ आणि १.५ दोन्ही असतात. नवा बोल्ट पहिले चार-पाच आटे हाताने गेला पाहिजे. सीट बेल्टचे बोल्ट तर मिलिमीटरच्या गाड्यांवरही बहुधा ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचे असतात. तिथे एम१२ रेटून आटे घालवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

२२. नवे बोल्ट पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून काय लावायचं?

भोकातले आटे टॅप फिरवून साफ करा, आणि बोल्टला अँटीसीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात द्या. एक्झॉस्टच्या स्टील आणि बीडाच्या भागांना तांब्याचा चालतो. ॲल्युमिनियमला तांब्याऐवजी निकेलचा किंवा धातूविरहित बरा, कारण प्रश्न १६ मधली झीज तांब्याने वाढू शकते. बुशमधून जाणाऱ्या बोल्टच्या सरळ दांडीला लावायला विसरू नका, प्रश्न १७ तिथूनच सुरू होतो.

आटे वंगणलेले असले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर तो थोडा कमी करावा लागतो. मुलामा दिलेल्या नव्या स्पार्क प्लगला अँटीसीझ लावू नका, जास्त आवळला जाऊन तुटतो. चाकांचे नट पुस्तिकेत वेगळं सांगितलेलं नसेल तर कोरडेच ठेवा, टॉर्क रेंचने आवळा आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासा. चाक हबला जिथे टेकतं तो गोल भाग वायरब्रशने घासून तिथे अँटीसीझ फक्त पुसल्यासारखा लावा, म्हणजे पुढच्या वेळी नट निघाल्यावर चाकाला लाथा माराव्या लागणार नाहीत.